प्रबंध टाइप करणारे नाना

नाना कुठलाही प्रबंध शेवटाकडून वाचत. दोन-तीन वर्षं खपून लिहिलेला गठ्ठा त्यांच्या हातात द्यायचा. ते वरची दोरी सोडायचे, गठ्ठा उलटा करायचे, शेवटचं पान काढून खिडकीपाशी जायचे आणि उभ्या उभ्या वाचायचे. वाचून झालं की चष्म्यावरून पाहायचे.

"शेवटी काही सापडलेलं दिसत नाही. मग मधे काय भरलंय?"

पुष्कळ जण तिथेच गार व्हायचे. काही जण चिडून गठ्ठा परत न्यायचे आणि आठ दिवसांनी पुन्हा तीच माडी चढायचे, कारण सबंध धुळ्यात इंग्रजी इतकं स्वच्छ टाइप करणारा दुसरा माणूस नव्हता.

गल्ली नंबर चारमध्ये एका भुसार दुकानाच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तीन मशीनं, एक बाक, भिंतीला एक पुठ्ठा. आतल्या खोलीत त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्का लवकर विधवा झालेल्या. नानांनी लग्नच केलं नव्हतं. दोघं भावंडं त्या दोन खोल्यांत राहायची. बाहेर मशीनं खडखडायची आणि आत अक्का सुपात डाळ निवडत अहिराणीत स्वतःशीच काहीबाही बोलत असायच्या.

मी तेव्हा धुळ्याच्या एका हायस्कुलात शिक्षक होतो. द्वैभाषिक मुंबई राज्याचे दिवस, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. घर यावलकडचं, वडिलांची केळीची बाग. नोकरी सांभाळून एम.ए.चा प्रबंध लिहीत होतो, विषय पूर्व खानदेशातला केळीचा व्यापार. मार्गदर्शक पुण्याला, वर्षातून दोनदा भेटणारे. जळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्राची एक जागा निघणार होती. "जूनच्या आत प्रबंध मान्य झाला तर जागा तुमची," असं तिथल्या प्रिन्सिपॉलांनी तोंडी सांगितलं होतं. घरातला मी पहिला शिकलेला. कॉलेजात प्रोफेसर होणार हे वडिलांनी, म्हणजे आबांनी, गावात सांगूनही टाकलं होतं.

नाना आधी जिल्हा कोर्टात टायपिस्ट होते. वीस वर्षं त्यांनी निकालपत्रं टाइप केली. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण नाही, पण इंग्रजीत एखादी गोष्ट कशी मांडावी हे त्यांना त्या निकालांनी शिकवलं होतं. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाच ओळी होत्या :

वाद काय आहे?
आधी कोणी काय म्हटलं?
तुम्ही काय पाहिलं?
त्यावरून काय दिसतं?
काय दिसत नाही?

"एवढंच असतं," ते म्हणायचे. "बाकी सगळी वकिली."

एम.ए., एम.एड. करणारी जिल्ह्यातली बरीच मुलं त्यांच्याकडे यायची. नंदुरबारची, शिरपूरची, अमळनेरची. घरी अहिराणी नाहीतर गुजर बोली, शाळेत मराठी, आणि प्रबंध मात्र इंग्रजीत. ते इंग्रजी कसं असायचं हे मी दुसऱ्यांचं सांगायला नको, माझंच होतं. पहिलं वाक्य 'फ्रॉम टाइम इमेमोरियल'. नानांनी एका वहीत सगळ्यांची पहिली वाक्यं उतरवून ठेवली होती. नवीन माणूस आला की ती वही त्याच्या हातात द्यायची आणि सांगायचं, "यात तुमचं आहे का बघा." बहुतेकांना आपलं वाक्य दुसऱ्याच्या नावापुढे सापडायचं.

माझा गठ्ठा पहिल्यांदा पाहून ते म्हणाले होते, "मास्तर, तुमच्या घरी पाहुणा आला तर काय करता?"

"पाणी देतो."

"मग?"

"खुशाली विचारतो. पीकपाणी विचारतो."

"आणि तो ज्या कामाला आलेला असतो ते कधी बोलतो?"

मी विचार केला. "निघताना. उंबऱ्यावर. चप्पल घालता घालता."

"हां. ती आपली रीत आहे आणि चांगली रीत आहे. माणूस दमून आलेला असतो. पण तुमचा परीक्षक दमून आलेला नाही, खुर्चीत बसलाय. त्याला तुम्ही चाळीस पानं नुसतं पाणीच पाजलंय. केळीचं नाव एकेचाळिसाव्या पानावर! तोवर तो झोपेल नाहीतर घरी जाईल."

हे बोलताना ते हसत नसत. त्यांना खरंच त्या परीक्षकाची काळजी वाटायची.

कागदावर ते शिसपेन्सिलीने बारीक खुणा करायचे. लांबलचक वाक्याच्या समासात 'क. ह.' असं लिहिलेलं असलं की समजायचं, कर्ता हरवला. 'इट इज सीन दॅट' दिसलं की विचारायचे, "कोणी पाहिलं? तुम्ही पाहिलं ना? मग सांगायला लाजता कशाला?" आणि 'मला माझ्या मर्यादांची पूर्ण जाणीव आहे' या अर्थाचं वाक्य आलं, आणि ते यायचंच, की हात जोडायचे. "परीक्षकाला आपण होऊन का सांगता? त्याला काही काम राहू द्या."

पण आभाराच्या पानाला त्यांनी कधी पेन्सिल लावली नाही. त्या पानावर आम्ही सगळेच वाहवत जायचो. गुरू, आई, वडील, कुलदैवत, खोलीमालक, डबा देणारी बाई. एका एम.एड.वाल्याने तर स्वतःच्या सायकलीचे आभार मानले होते. नानांनी ते जसंच्या तसं टाइप केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आभारात कर्ता कधी हरवत नाही, पाहिलंत का? व्याकरण मोडेल, पण कोणी कोणासाठी काय केलं ते स्वच्छ कळतं. असंच बाकीचं लिहिता आलं तर मला पेन्सिलच लागणार नाही."

वापरून फिके झालेले कार्बन ते तव्याच्या उबेवर धरून पुन्हा चालते करायचे, आणि त्यासाठी अक्कांचा तवा पळवायचे. अक्का ओरडायच्या. प्रबंधाचं मुखपृष्ठ टाइप करायचं असलं की अंघोळ करून, कोर्टातला जुना काळा कोट घालून मशीनवर बसायचे. धोतरावर काळा कोट, भर उन्हाळ्यात. त्या एका पानापुरताच. पान निघालं की कोट पुन्हा खुंटीला.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आजही थोडं जड जातं.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्याच्याने लिहून होत नव्हतं. शेतकरी केळी कशी विकतो, हे ते प्रकरण. लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, पण इंग्रजीत मांडायला बसलो की हात थांबायचा. बागेतलं आबांचं बोलणं, व्यापाऱ्याचा माणूस येऊन घड पाहतो ते, हे सगळं इंग्रजीत अगदीच किरकोळ दिसायचं. फेब्रुवारी संपत आला होता. लायब्ररीत मला साहेबाच्या काळातला एक जुना सरकारी अहवाल सापडला. त्यात याच विषयावर अकरा पानं होती, झोकदार. मी ती उतरवून काढली. इकडचा शब्द तिकडे केला, दोन-तीन ठिकाणी गावांची नावं घातली, आणि एका रविवारी सकाळी ते प्रकरण नानांना नेऊन दिलं.

ते खिडकीपाशी वाचत राहिले. या वेळी पेन्सिल हलली नाही. मला वाटलं, चला, एकदाचं जमलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हा 'द' तुमचा नाही."

"म्हणजे?"

"गेले चार महिने मी तुमचं लिहिणं वाचतोय. तुमचा इंग्रजी 'द', टी-एच-ई, जिथे हवा तिथे नसतो, आणि नको तिथे बसलेला असतो. मी रोज त्याला उचलून जागेवर ठेवतो. या अकरा पानांत एकही 'द' चुकलेला नाही. एका रात्रीत माणसाचा 'द' सुधारत नाही. ही पानं कोणाची आहेत?"

मी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. कान तापले होते.

त्यांनी एक पान पुढे केलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे काय लिहिलंय? केळी लावणारा शेतकरी अडाणी आणि आळशी असतो, पुढचा विचार करत नाही, म्हणून झाडावरचा माल व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. हे तुम्ही पाहिलंत?"

एवढ्यात आतून अक्कांचा आवाज आला. "काय व्हयनं रे? कसाना वाद शे?"

"सांगा अक्काला," नाना म्हणाले. "तुमचं तिसरं प्रकरण सांगा."

मी दारात उभा राहून नाइलाजाने सांगितलं. शेतकरी केळी तोडून स्वतः विकत नाहीत, बागेतच व्यापाऱ्याला देतात, वगैरे.

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "मंग त्या सोता का बरं इकतस नही?"

"अडाणी असतात, अक्का. पुढचं कळत नाही त्यांना."

अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तुना बाप बी केळीच लावस ना?"

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि तसं वाटलं की माणूस जे करतो तेच मी केलं. नानांवर भडकलो.

"तुमचं काम टाइप करायचं आहे," मी म्हणालो. "तपासायला माझे मार्गदर्शक आहेत. तुम्ही टायपिस्ट आहात, नाना."

बाकावरच्या दोन मुलींची मशीनं थांबली. नानांनी पानं सरळ केली, कडा जुळवल्या, दोरी बांधली आणि गठ्ठा माझ्या हातात दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी टायपिस्टच आहे. ज्याचं त्यानं लिहिलेलं असतं तेच टाइप करतो. हे तुझं नाही."

चार महिन्यांत ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

दुसरा टायपिस्ट मी शोधला नाही असं नाही. पण त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर बस धरली, जळगावला उतरून यावलची गाडी घेतली आणि घरी गेलो.

रविवारी सकाळी आबा बागेत पाटाचं पाणी वळवत होते. मी बांधावर बसलो आणि पिशवीतून ती पानं काढून त्यांना मराठीत वाचून दाखवली. का वाचली, सांगता येणार नाही. 'अडाणी' आणि 'आळशी' हे शब्दही वाचले. आबा फावडं टेकून ऐकत होते.

"कोनं लिहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"एका साहेबानं. जुनं आहे." मग मी म्हणालो, "आणि मी उतरवून घेतलं, आबा."

त्यांनी फावड्याने पाटाचं तोंड बुजवलं. मग म्हणाले, "साहेब कोन्त्या महिन्यात आला व्हता?"

"माहीत नाही."

"हिवाळ्यात आला असंल. थंडीत केयी थोडी थांबते. उन्हाळ्यात तोडलेला घड माणसाची वाट पाहत नाही. आन एक सांग, एकट्याच्या बागेनं आगगाडीचा डबा भरते का?"

"नाही."

"मंग? डबा भरल्याबिगर गाडी दिल्लीले जात नाही. डबा ज्याच्या नावावर, केयी त्याची. हे सम्द्याले माहीत हाये. तुले नव्हतं?"

मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण कुठल्याही इंग्रजी पुस्तकात न वाचल्यामुळे ते माहितीत धरायचं असतं, हे माहीत नव्हतं.

दुपारी आबा मला स्टेशनवर घेऊन गेले. मालधक्क्यावर केळीचे घड पाचोळ्यात बांधून रचलेले होते, हिरवा दमट वास भरून राहिला होता. मालबाबूला विचारून मी डब्यांच्या मागणीचं रजिस्टर पाहिलं. पानामागून पान तीच चार-पाच नावं. एकही नाव बाग लावणाऱ्याचं नव्हतं. मी तिथेच एका उलट्या टोपलीवर बसून लिहायला घेतलं. पहिलं वाक्य इंग्रजीत असं उतरलं : 'आपल्या बागेतली केळी माझे वडील स्वतः का विकत नाहीत?' त्यात कर्ता होता. 'द'ची भानगडच नव्हती.

पुढच्या रविवारी भीत भीत माडी चढलो. क्लास भरलेला होता. नानांनी मान वर केली.

"या मास्तर," ते म्हणाले. पुन्हा 'मास्तर', पुन्हा 'या'.

"नाना, त्या दिवशी मी जे बोललो..."

"तिसरं प्रकरण आणलंय का?"

मी पानं दिली. या वेळी त्यांनी शेवट काढला नाही. पहिल्या पानापासून वाचायला लागले आणि बसले. पेन्सिल भराभर चालत होती. प्रत्येक ओळीत दोन-दोन खुणा, 'द' उचलून ठेवतायत, काळ बदलतायत. मी त्या खुणांकडे बघत होतो आणि मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही. वाचून झाल्यावर ते आत गेले आणि अक्कांना अहिराणीत सगळं सांगितलं. डबा, स्टेशन, रजिस्टर.

"आते बठ्ठं समजनं," आता सगळं कळलं, असं अक्का म्हणाल्या, आणि मला लाडू दिला.

मग दोन महिने नाना माझ्यासाठी राबले. सकाळी क्लासच्या आधी आणि दुपारी क्लास सुटल्यावर. पुठ्ठ्यावरच्या पाच ओळींप्रमाणे सबंध प्रबंध पुन्हा लावला. चाळीस पानांची प्रस्तावना सहावर आली. 'काय दिसत नाही' या शेवटच्या प्रश्नाचं प्रकरण लिहायला मी तयार नव्हतो. आपल्याला काय कळलं नाही ते कशाला सांगायचं? नाना म्हणाले, "साहेबानं ते लिहिलं असतं, तर तुमच्या वडिलांना आळशी म्हणायची पाळी आली नसती." मी लिहिलं. शेवटी काळा कोट घालून त्यांनी मुखपृष्ठ काढलं, आणि माझं नाव मी पहिल्यांदा मोठ्या इंग्रजी अक्षरांत बरोबर मध्यावर बसलेलं पाहिलं.

मे महिन्यात पुण्याला तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणावरच तासभर विचारलं. हे तुम्ही स्टेशनवर जाऊन पाहिलंत? मालधक्क्यावर? मी हो म्हणालो. प्रबंध मान्य झाला. निघताना परीक्षक हसत म्हणाले, "टायपिंग फार सुंदर आहे. एकच चूक सापडली मला. एकसष्टावं पान बघा."

मी गाडीत बसल्यावर पाहिलं. 'बनाना'च्या जागी 'बनानाना' पडलं होतं.

धुळ्याला उतरलो तो पेढे घेऊन थेट गल्ली नंबर चार. अक्कांच्या पाया पडलो, नानांच्या पडलो. जळगावची नोकरी पक्की, हेही सांगितलं. नाना खुशीत होते. बोलता बोलता मी गंमत म्हणून सांगितलं, "नाना, एकसष्टाव्या पानावर तुमची सही आहे. बना-नाना!"

अक्का हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांनी हातातला पेढा तसाच बशीत ठेवला आणि माझी प्रत मागितली. ते पान काढून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ उभे राहिले.

"ही तुमची प्रत," ते म्हणाले. "एक मार्गदर्शकांकडे. एक कुठे असते?"

"विद्यापीठाच्या लायब्ररीत. कायमची. पण नाना, कोण बघतंय?"

"लायब्ररीत ठेवतात ते कोणी बघावं म्हणूनच ना?"

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले. खोटं वाटेल, पण कोर्टाची नोकरी सोडल्यापासून हा माणूस धुळ्याबाहेर पडला नव्हता. काळा कोट, पिशवीत रबर, पाठीमागे धरायला पोस्टकार्ड आणि दाढीचं अर्धं पातं. चाळीसगाव, मनमाड करत, उभ्याने. अक्का दोन दिवस दारातून आत नि आतून दारात करत होत्या.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांत कळलं. लायब्ररीतल्या कारकुनाने सांगितलं की मान्य झालेल्या प्रबंधाला हात लावता येत नाही, लेखकालासुद्धा नाही. आणि आपण कोण? "मी टायपिस्ट," नाना म्हणाले. "चूक लेखकाची नाही, माझी आहे. तुमचा नियम लेखकासाठी असेल." आणि समोरच्या बाकावर बसून राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत. कारकून जेवून आला तरी हे तिथेच. शेवटी तो प्रत घेऊन आला, स्वतः शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्यासमोर करा." नानांनी पानामागे पोस्टकार्ड धरलं, पात्याने जादाची 'एन' आणि 'ए' ही दोन अक्षरं खरवडली, रबर फिरवलं, फुंकर मारली. कारकुनाने पान उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं म्हणे, "आमच्याकडे राहता का? टायपिस्टची जागा रिकामी आहे." नाना म्हणाले, "घरी बहीण वाट पाहतेय."

ते परत आले त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. जिना चढून आले, कोट काढून खुंटीला अडकवला. डोळे प्रवासाने लाल झाले होते.

अक्कांनी विचारलं, "व्हई गयं का?"

"व्हई गयं," नाना म्हणाले.

मग पाटावर बसून त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं, अक्का वाढत होत्या तितकं सगळं, आणि मशीनांच्या शेजारी चटई टाकून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी उरलेली पुस्तकं न्यायला गेलो, तेव्हा जिन्यात क्लासची पाच-सहा मुलं-मुली खोळंबून उभी होती. वरच्या पायरीवर अक्का दारात आडव्या बसल्या होत्या, मांडीवर सूप, ओठांवर बोट.

"आज क्लास नही," त्या हळू आवाजात सांगत होत्या. "तो झोपेल शे. उद्या सकायले या."